डाव्या पायाचा ब्रेक

जुनी मोटारसायकल बघायला गेलात की आधी इंजिनाला हात लावा. गार असेल तरच पुढचं बोलणं. गरम लागलं तर समजा, तुम्ही येण्याआधी मालकाने घाम गाळून दहा किका मारून ठेवल्या आहेत आणि आता तुमच्यासमोर एका किकेत सुरू करून मिशीला पीळ भरणार आहे. रंगाकडे बघूच नका. रंग काय, चतुर्थीला घराला काढतात तसा गाडीलाही काढता येतो. नटांची डोकी बघा. कडा घासून गोल झाल्या असतील तर त्या गाडीला पन्नास जणांचे हात लागले आहेत. कडा धारदार असतील तर हात एकाचाच, आणि त्याच्याकडे पानाही बरोबर मापाचा होता.

हे शहाणपण मी चौतीस वर्षं डिचोलीत वाटलं. मूळचा मी दोडामार्गाकडचा. विशीत पाळी गावच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये लागलो, पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. लोक मला मेस्त म्हणतात. आमच्याकडे सुतार, गवंडी, मेकॅनिक, हाताने काम करणारा कोणीही मेस्तच. नारायण हे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "मेस्त, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. लोक फराळाबरोबर वाचतात." गमती आहेत, थोड्या लिहितो. पण त्यांच्यामागे एक गोष्ट आहे ती गमतीची नाही. ती लिहायची म्हणूनच मी हो म्हटलं. नाहीतर मला लिहिण्याची हौस कसली? खाडाखोड न करता मी कधी पोस्टकार्डसुद्धा लिहिलेलं नाही.

गाड्या मरतात कशाने, हे आमच्या भागात तालुक्यावर ठरतं. पेडण्याची गाडी समुद्राच्या मिठाने मरते. मांद्रे, मोरजीकडच्या गाड्यांचे स्पोक बोटाने तुटायचे. डिचोलीची गाडी धुळीने मरते. खाणी जोरात होत्या तेव्हा स्पीडोमीटरच्या काचेच्या आतसुद्धा तांबडी धूळ सापडायची. ती आत कशी जाते हे मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणालं, "मेस्त, एखादी बरी जुनी गाडी बघून द्या," की मी खारं वारं आणि खाणीचा रस्ता दोन्ही टाळून शोधायला लागायचो.

फोंड्याचे एक भटजी मला न विचारता गाडी घेऊन आले. देवासारखी चकचकीत. मी नंबर बघितले तर इंजिन एकीचं, सांगाडा दुसरीचा, आणि टाकी तिसऱ्याच कुठल्यातरी गाडीची. भटजींना म्हटलं, "एका गाडीच्या पैशात तीन गाड्या घेतल्यात तुम्ही." ते म्हणाले, "मग त्रिमूर्तीच की!" आणि चार वर्षं ती गाडी प्रेमाने चालवली. माझ्याकडून दर महिन्याला एकेका मूर्तीची दुरुस्ती करून घेतली.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आजच्या मोटारसायकलींना गिअर डाव्या पायाला असतो आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाला. जुन्या, साडेतीनशे सीसीच्या जड गाड्यांना हे बरोबर उलटं होतं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. त्या गाड्या ज्यांनी उमेदीत चालवल्या त्यांचा डावा पाय म्हणजे ब्रेक. हल्लीची मुलं नव्या गाडीवर शिकतात आणि मग त्यांना जुन्या गाडीची हौस येते. ती येऊन म्हणतात, बाजू बदलून द्या. त्याला आडवा दांडा लागतो, चार सांधे लागतात, आणि हात लागतो. माझा हात त्या कामाला बरा होता. मी सांध्यात सुईएवढीही ढिलाई ठेवत नसे.

कोल्हापूरकडचे एक बांधकामाचे कंत्राटदार होते. त्यांची जुनी सवय उजव्या गिअरची आणि हौस मात्र डाव्या गिअरची, मुलाला चालवता यावी म्हणून. मी काम केलं, समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि गाडी काढली ती सरळ समोरच्या भज्यांच्या गाड्यात. गाडा उलटला, पीठ रस्त्यावर, कंत्राटदार पिठात. उठून म्हणतात कसे, "मेस्त्री, ब्रेक लागंना की वो तुमचा!" डाव्या पायाने ते गिअर दाबत होते. तेलाची कढई गार होती म्हणून आम्ही हसू शकलो.

त्या दिवसापासून मी गॅरेजात एक नियम केला. बाजू बदललेली गाडी न्यायला जो येईल त्याला मी गाडीवर बसवायचो, गाडी स्टँडवर, डोळे मिटलेले. मी म्हणायचो "ब्रेक," त्याने ब्रेक दाबायचा. मी म्हणायचो "गिअर," त्याने गिअर टाकायचा. शंभर वेळा. डॉक्टर असो की सरपंच. लोक हसायचे, चिडायचे. मी म्हणायचो, डोक्याला एकदा सांगून पुरतं, पायाला शंभर वेळा सांगावं लागतं. वेळ आली की डोकं मागे राहतं, पाय पुढे जातो. शंभर झाल्याशिवाय मी कोणाला चावी दिली नाही.

एकाला दिली. त्यांचं नाव दत्ताराम गावस.

दत्तारामबाब पाळीच्या खाणीवर टाइमकीपर होते. शिफ्ट सुरू झाली की हजेरीचं रजिस्टर घेऊन फाटकाजवळच्या खोलीत बसायचे. दोन मिनिटं उशीर म्हणजे दोन मिनिटं उशीर. "पाऊस होतो, दत्तारामबाब." "पाऊस माका लागलो नाय? लिही, सात वाजून दोन." मॅनेजरच्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी कधी खोटी हजेरी लावली नाही. मी त्यांना इतका घाबरायचो की खाण सोडून स्वतःचं गॅरेज काढल्यावरही, डोक्याचे केस गेल्यावरही ते समोर आले की माझा हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे जायचा.

त्यांच्याकडे साडेतीनशेची काळी गाडी होती. नवी घेतलेली, अडतीस वर्षं एका हाताची. खाणीच्या रस्त्यावर राहूनही तिच्यात धूळ नव्हती, कारण दर रविवारी सकाळी ते हवेची गाळणी काढून धुवायचे. स्टँडखाली फळी, चाकांना ओल लागू नये म्हणून. एकाही नटाची कड गोल नाही. कंपनीतून आली तेव्हाची सोनेरी रेघ टाकीवर तशीच, फक्त जिथे त्यांचे गुडघे टेकायचे तिथे पुसट झालेली. मी आयुष्यात हजारो गाड्या बघितल्या. एवढी जपलेली गाडी दुसरी बघितली नाही.

खाणी बंद झाल्या, दत्तारामबाब घरी बसले, मग त्यांचे डोळे कमी झाले. मुलगा प्रसाद वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर. तो बापाच्या मागे लागला, गाडी विकून टाका. एके दिवशी त्यांनी मला पाळीला घरी बोलावून घेतलं. बाहेर ओट्यावर बसलो. ते गाडीकडे बघत नव्हते.

"मेस्ता, गाडी विकूची आसा. बरो मनीस बघ."

"बघतो."

"एक अट. तुमी हल्ली लोकांच्या गाडये कापतात, सीट तोडतात, मडगार्ड काढतात, तसला काय करूचा नाय. आसा तशी रवाक व्हयी. आनी दसऱ्याक एकदा हय आणूची. मी पूजा करतलो, देवळाकडे एक फेरी मारतलो. बस्स."

"कापणार नाही, दत्तारामबाब."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी मान हलवली. रजिस्टरात सही झाल्यासारखी.

गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं. मानसी. मांद्र्याला आईबरोबर गेस्ट हाउस चालवणारी, तिशीची, बुटकी, बोलायला चटपटीत. तिचा बाप लहानपणी वारला. तो असली गाडी चालवायचा आणि टाकीवर पुढे तिला बसवायचा, एवढंच तिला आठवत होतं. पाळीला गाडी बघायला आली तेव्हा तिने रंग बघितला नाही, टाकीवरची ती पुसट झालेली जागा बघितली आणि तिथे हात ठेवला. दत्तारामबाब म्हणाले, "हिका देऊया." दसऱ्याची अट तिने आनंदाने कबूल केली.

आता ती बुटकी. पाय जमिनीला टेकेनात. मी सीटखालच्या स्प्रिंगा बदलून सीट खाली घेतली, म्हापशाच्या एका जुन्या गादीवाल्याकडून त्याच कातड्याने शिवून आणली. हँडल दोन बोटं मागे ओढलं. बघणाऱ्याला काही केल्याचं कळू नये, ही माझी मिजास. इथपर्यंत ठीक होतं. मग ती म्हणाली, "मेस्तकाका, गिअर माका डाव्या पायाक व्हयो."

"तेवढं नको. ही गाडी आहे तशी ठेवायची असं मी शब्द देऊन बसलो आहे."

"मी धा वर्सां डाव्या पायान गिअर टाकतंय. मांद्र्याच्या रस्त्यार सीझनात कोण खंयसून पुढ्यात येतलो काय नेम आसा? तेव्हा मी इचार करीत रवू, खंयचो पाय म्हणान?"

तिचं खोटं नव्हतं. माझाच नियम ती मला सांगत होती. म्हणाली, "तुमी दत्तारामकाकांक इचारा. ते नको म्हणाले तर नको."

मी म्हटलं, विचारतो.

मी विचारलं नाही. दोनदा पाळीच्या रस्त्याला लागलो आणि दोनदा वाटेतल्या साखळी गावाहून परत फिरलो. का, ते आज सांगायला लाज वाटते. ते "नाही" म्हणतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्यांच्या त्या नजरेची होती. सात वाजून दोन. साठी ओलांडलेला माणूस मी, आणि मला हजेरीच्या खोलीसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. मानसीला सांगितलं, "विचारलं. हो म्हणाले."

मनाची समजूत काढायला कारागीर माणसाला वेळ लागत नाही. मी म्हटलं, कापणार नाही असा शब्द दिला आहे, आणि मी कापतोय कुठे? वेल्डिंगचा एक टिपका लावणार नाही. सगळं बोल्टांवर. उद्या काढलं तर गाडी होती तशी. मूळचं ब्रेकचं पायडल, गिअरचा दांडा, सगळं तेल लावून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आडवा दांडा सांगाड्याखालून असा नेला की वाकून बघितल्याशिवाय दिसू नये. पायाखालची पायडलं मी स्वतः घडवली, जुन्या घाटाची, जुन्या झिजेची. खोटं का बोलू, ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. मानसीला स्टँडवर बसवून शंभराच्या जागी दीडशे वेळा करून घेतलं. ती गाडी तिच्या हातून कधी घसरली नाही.

दसरा आला. मांद्र्याला सीझनची गर्दी सुरू झालेली, मानसीला निघता येईना. आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे सोडून म्हणाली, "मेस्तकाका, तुमीच न्हेवा. त्येंका सांगा, पुढल्या वर्सा मी येतंय." सकाळी मी गाडी पाळीला नेली.

अंगणात रांगोळी होती. सुनेने झेंडूची माळ करून ठेवली होती. दत्तारामबाब धुतलेला पांढरा शर्ट घालून उभे. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, हँडलला माळ घातली, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग टाकीवरून, सीटवरून, दिव्यावरून हात फिरवला. डोळ्यांपेक्षा हातानेच बघत होते. चेहरा उजळला.

"मेस्ता, तुया कायच बदलूक नाय मरे!"

तेव्हा मी जे सुख अनुभवलं त्याची मला आता शिसारी येते. एका क्षणाला वाटलं, ह्यांना कळलं नाही म्हणजे माझं काम जिंकलं. मग ते पाय टाकून बसायला लागले तेव्हा म्हणालो, "दत्तारामबाब, एक सांगायचं राहिलं. त्या मुलीसाठी गिअर डावीकडे घेतला आहे. ब्रेक आता उजवीकडे."

ते थांबले. एक पाय जमिनीवर, एक गाडीवरून पलीकडे. माझ्याकडे बघितलं. तीच नजर.

"बदललंस?"

"कापलं नाही. बोल्टांवर आहे सगळं. कधीही परत..."

"शब्द दिल्लंस."

सून आरतीचं तबक घेऊन उभी होती, शेजारची चार माणसं प्रसादासाठी थांबली होती. दत्तारामबाबांनी त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. सीटवर टेकले. मी घाईघाईने वाकून दाखवलं, हा गिअर, हा ब्रेक. त्यांनी दोन्ही पायांनी एकेकदा दाबून बघितलं. "कळला," म्हणाले. मला माझा नियम आठवत होता. मी तुम्हाला सांगतो, तो मला अगदी लख्ख आठवत होता. पण मी त्या माणसाला, त्याच्याच अंगणात, त्याच्याच गाडीवर, चार लोकांसमोर कसा म्हणणार होतो, डोळे मिटा आणि मी ब्रेक म्हणतो तेव्हा ब्रेक दाबा? एक तर मी त्यांना दिलेला शब्द मोडलेला. वर त्यांना शाळकरी पोरासारखं शिकवायचं? म्हटलं, मोठं माणूस आहे, अपमान होईल. देवळापर्यंतच तर जायचं आहे.

मी चावी दिली. एका किकेत सुरू झाली. चाकांखाली लिंबं फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जाताना ते हळू गेले. देवळापाशी उतरून नमस्कार केला, तेही आम्हाला लांबून दिसलं. परत येताना मधे उतार आहे, खाली वळण, वळणावर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. उताराच्या मध्यावर एक वासरू रस्त्यावर आलं. नव्या गाडीवरच्या पोराने पुढचा ब्रेक आवळला असता. पण खाणीच्या रस्त्यावर खडी असते. आमच्या पिढीला पहिला धडा मिळालेला, खडीवर पुढच्या ब्रेकाला हात लावायचा नाही, गाडी पडते. मागचाच ब्रेक दाबायचा. दत्तारामबाबांनी तेच केलं. डाव्या हाताने क्लच आवळला आणि डावा पाय खाली दाबला. मी अंगणातून बघत होतो. तो पाय मला दिसला. वर आला नाही. दाबून धरलेला. त्या पायाखाली गिअर होता. क्लच दाबलेला म्हणजे गाडी मोकळी, आणि उतार. गाडी थांबायच्या ऐवजी धावली. वासराला चुकवून गडग्यावर गेली.

गाडीला फारसं काही झालं नाही. दिवा फुटला, हँडल वाकलं. दत्तारामबाबांच्या खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा खोलीत ते एकटेच होते. मी स्टुलावर बसलो. ते छताकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "मेस्ता, माझो पाय चुकाक नाय."

मी स्टूल जवळ ओढलं.

"पाय बरोबर पडलो. जय पडूक व्हयो थयच पडलो. ब्रेकच थय नाय होतो." पुढे म्हणाले, "ह्ये सगळे म्हणतत, म्हातारो झालो, पाय चुकलो. प्रसाद तर काल रडलो, बाबा आता तुमका कायच करूक दिवचंय नाय म्हणान. तू सांग तेका. माझो पाय चुकाक नाय म्हणान सांग."

एवढंच मागितलं त्यांनी. रागावले नाहीत, शब्दाचं नाव काढलं नाही. अडतीस वर्षं ज्या पायावर विश्वास ठेवला त्या पायाची हजेरी बरोबर लाव, एवढंच.

तेवढ्यात प्रसाद आत आला. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाला, "मेस्तकाका, घरात म्हणतत तुमी गाडयेत कायतरी बदल केल्लो. बाबांक सांगितल्लात मगे?"

आता बघा, उत्तर सोपं होतं. सांगितलं, पण सांगून पुरत नाही हे मला माहीत होतं. नियम माझाच होता आणि तो मी पाळला नाही. शब्द मोडला, मानसीला 'विचारलं' असं खोटं सांगितलं. बाबांचा पाय बरोबर पडला होता, चूक माझी. चार वाक्यं. प्रसाद दाराशी उभा होता, मोठा, दमलेला, आणि मी घाबरलो. पोलीस, लोक, गॅरेजचं नाव, काय काय मनात आलं. मी म्हणालो, "होय. सांगितलं होतं. दाखवलंही होतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलण्याचा हा सगळ्यात नीच प्रकार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

प्रसादने बापाकडे बघितलं. दत्तारामबाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ते बोलतील, आणि खरं सांगतो, बोलावं असंच मला वाटत होतं. त्यांनी डोळे मिटले.

"होय," ते म्हणाले. "ह्येणां सांगितल्यान होता. माझोच पाय चुकलो."

ज्या माणसाने मॅनेजरच्या मेव्हण्याला खोटी हजेरी लावली नाही त्याने ती मला लावली. मी उठलो, काहीतरी पुटपुटलो, आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो. रडूसुद्धा आलं नाही.

दत्तारामबाब त्यानंतर दहा महिने होते. उठले नाहीत. प्रसादने सगळं केलं, सुनेने केलं, कशाची कमतरता नव्हती. पण घरातलं बोलणं बदललं. "बाबा, तुमका जमाचा नाय." "बाबा, तुमी रवा, मी करतंय." चहाचा कपसुद्धा त्यांच्या हातात देईनात. ज्याचा पाय चुकतो त्याचा हातही चुकणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी तीनदा भेटायला गेलो. प्रत्येक वेळी ठरवून गेलो की आज सांगायचं. प्रत्येक वेळी प्रसाद चहा घेऊन आला, "मेस्तकाका, तुमी येतात, बाबांक बरां वाटता," म्हणाला, आणि मी चहा पिऊन परत आलो. शेवटच्या वेळी दत्तारामबाबांनी विचारलं, "गाडी बरी आसा?" मी म्हटलं, "बरी आहे. दिवा, हँडल नीट करून मानसीला दिली." ते म्हणाले, "गाळणी धुवूक सांग तिका." श्रावणात गेले.

बारावं झाल्यावर मी मांद्र्याला जाऊन मानसीला सगळं सांगितलं. तिच्याशी बोललेलं खोटं आधी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे त्येंनी होय म्हटल्यानीच नाय." मग आत गेली, चावी आणून माझ्या हातात ठेवली. "परत करा होती तशी. मी चालवूचंय नाय. ह्या गाडयेर माजो पाय आता थरथरता." त्या पोरीकडून तिच्या बापाची आठवणही मीच काढून घेतली.

आता गॅरेज बंद केलं आहे. लोक विचारतात, मेस्त, हात तर अजून चालतो, का बंद केलं? मी म्हणतो, वय झालं. ऐकणारा लगेच मान डोलावतो. वय झालं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, हे मी दत्तारामबाबांच्या खाटेशी बसून शिकलो.

प्रसाद, हा अंक दर वर्षी तुझ्या घरी येतो हे मला माहीत आहे. तुझे बाबा तो घ्यायचे आणि शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने काढायचे. हे मला तोंडाने सांगता आलं नाही, ते जिवंत होते तेव्हा आलं नाही आणि आताही येत नाही, म्हणून इथे लिहितो. तुझ्या बाबांचा पाय चुकला नव्हता. ते जिवंत असताना तू त्यांच्या हातात चहाचा कप द्यायला हवा होतास. तुला ते माहीत नव्हतं, मला होतं. याची माफी मी मागत नाही, कारण ती देणं ज्याच्या हातात होतं तो माणूस गेला.

यंदा दसऱ्याच्या सकाळी गाडी माझ्या बंद गॅरेजात होती. बिस्किटाचा डबा काढला. मी घडवलेली पायडलं, आडवा दांडा, सगळं उतरवलं आणि मूळचं जिथल्या तिथे बसवलं. एकाही नटाची कड गोल होऊ दिली नाही. गाळणी धुतली. हळदकुंकू लावलं, माळ घातली. पाळीला नेणार होतो, पण तिथे कोणासमोर उभा राहणार? शटर अर्धं ओढून घेतलं, गाडी स्टँडवर घेतली आणि वर बसलो. डोळे मिटले. मोठ्याने म्हटलं, "ब्रेक." डावा पाय खाली दाबला. मग पुन्हा म्हटलं. पुन्हा. मोजून शंभर वेळा.

शंभरही वेळा ब्रेक तिथेच होता.